नाताळची चांदणी आणि गेटचा करंट

त्रिपुरी पौर्णिमा झाली की आमच्याकडचा आकाशकंदील खाली उतरतो. झिरमिळ्या झटकून, जुन्या सुती साडीत गुंडाळून तो माळ्यावर जातो. दिव्यांच्या माळा मात्र माळ्यावर न जाता कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे जातात. ही आमच्याकडची फार वर्षांची रीत. वाशीच्या जुन्या रो-हाउसमध्ये आम्ही राहतो. दोन घरांत एक सामाईक भिंत, पुढे चार हात अंगण आणि अंगणापुढे लोखंडी गेट. पलीकडच्या मावशी वसईकडच्या, ख्रिस्ती. दिवाळीत त्यांच्या माळा आमच्या गच्चीच्या कठड्यावर आणि डिसेंबरात आमच्या माळा त्यांच्या सोनचाफ्यावर, इतका साधा व्यवहार. आता कुठली माळ कुणाची हे आम्हा दोघींनाही सांगता यायचे नाही.

माळा लावायचे काम मात्र दोन्ही घरांत पुरुषांचे. आपण काय, स्टूल धरायचे, "जरा डावीकडे घ्या, वाकडी दिसतेय" असे खालून सांगायचे आणि चहा ठेवायचा. तुमच्याकडेही असेच असेल. लग्नाला तीस वर्षे झाली तरी अंगणातल्या दिव्यांची वीज कुठल्या बटनावरून जाते हे मला ठाऊक नव्हते. त्यात कमीपणाही वाटत नव्हता.

पलीकडच्या काकांची रोषणाई साऱ्या गल्लीला माहीत होती. ते दोघे वाशीला आले तेव्हा इथे रेल्वे नव्हती. ती १९९२ साली आली. तोवर खाडीपुलावरून बसने मुंबईला जायचे. लोहार चाळीतून बल्ब आणि होल्डर घेऊन, पिशवी मांडीवर ठेवून काका बसमधून यायचे असे मावशी सांगतात. तेव्हा माळा म्हणजे रंग दिलेले 'झिरो'चे बल्ब. नाव झिरो, पण एकेक बल्ब पंधरा वॅट वीज खायचा. चाळीस बल्ब लावले की सहाशे वॅट झाले. रोज पाच तासांप्रमाणे वीस दिवसांत साठ युनिट! जानेवारीचे बिल आले की मावशी ते काकांच्या ताटाशेजारी ठेवायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

गेटच्या कमानीवर मोठी चांदणी, सोनचाफ्यावर माळा, पोर्चच्या कडेने पडद्यासारख्या लोंबत्या लडी आणि कोपऱ्यात गोठा. गोठ्याला भाताचा पेंढा वसईहून यायचा. आठ दिवस आधी काका पत्र्याच्या डब्यात गहू पेरायचे. आपण घटाला पेरतो तसेच. ते हिरवेगार कोंब म्हणजे गोठ्यापुढचे कुरण, आणि त्यात मातीच्या मेंढ्या. आमची मुलगी लहानपणी त्या मेंढ्या मोजायला रोज पलीकडे पळायची.

चांदणी काका घरीच बांधायचे. बांबूच्या कामट्या, खळ, पतंगाचा कागद, म्हणजे आपल्या आकाशकंदिलाचेच सामान. दोन फुटी चांदणीला दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या लागतात. पाच कामट्यांची एक सपाट चांदणी, तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने बांधायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत वीतभर काड्या आडव्या घालून पोट फुगवायचे. मग कागद लावायचा, पण मागच्या एका पाकळीचा कागद शेवटपर्यंत मोकळा ठेवायचा, म्हणजे बल्ब बदलता येतो. पूर्वी आत साठ वॅटचा बल्ब असायचा आणि कागद तपकिरी पडायचा. आता पाच वॅटच्या एलईडीने भागते. तोही कागदाला टेकता कामा नये.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये काका गेले.

मुलगा-सून कॅनडात. दिवसकार्य आटोपून ती दोघे परत गेली. त्या वर्षी दिवाळीत मी आमच्याकडेही माळा लावल्या नाहीत, नुसता कंदील लावला. मावशी म्हणाल्या, "अगं, तुमचा सण तुम्ही करा. माझ्यासाठी कशाला अंधार करतेस?" पण भिंतीपलीकडे काळोख असताना आपल्या कठड्यावर झगमगाट करायचा जीव होईना. डिसेंबर उजाडला. वर्ष व्हायचे आहे, तेव्हा यंदा आमच्याकडे काही नाही, असे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. आपल्याकडेही वर्षभर गोडधोड करत नाहीत, तसेच ते.

नाताळ आठ-नऊ दिवसांवर आला असेल. संध्याकाळी मावशी भिंतीपाशी आल्या. म्हणाल्या, "रात्री गेटकडे बघवत नाही. येणारे-जाणारे थांबतात, बघतात आणि पुढे जातात. एक चांदणी तरी लावूया का? लोक काय म्हणतील?"

मी म्हटले, "लोकांचं राहू द्या. काका काय म्हणाले असते?"

"काका म्हणाले असते, नुसती चांदणी काय लावताय, माळाही लावा."

तेव्हा आम्ही दोघींनी मिळून काकांचा खोका उघडला. यजमान टूरवर होते आणि त्यांची वाट बघायची नाही असे मावशींनीच ठरवले. खोक्यात माळा प्रत्येकी वेगळ्या पुठ्ठ्यावर नीट गुंडाळलेल्या, टेस्टर, पक्कड, सुतळीचे बंडल, इन्सुलेशन टेप. तळाशी सायकलच्या जुन्या ट्यूबचे वीत-वीत लांबीचे पंधरा-वीस तुकडे होते. "ह्यांना काही टाकवत नसे बाई," असे म्हणत मावशींनी ते केराच्या डब्यात टाकले. मीही त्याला हातभार लावला.

दोन संध्याकाळी आम्ही खपलो. सुतळी जुनी म्हणून तुटत होती, तेव्हा मी आमच्याकडची बाइंडिंगची तार आणली. गच्चीच्या कामाच्या वेळची उरलेली. तिने माळा गेटच्या कमानीला अशा घट्ट आवळल्या की वाऱ्याने हलू नयेत. एक माळ आखूड पडली, तिला दुसरीचा तुकडा पिळून जोडला आणि इन्सुलेशन टेपचे तोंड सापडेना म्हणून वर सेलोटेप लावला. सेलोटेप! लिहितानाही लाज वाटते. बटन दाबले आणि सारे अंगण उजळले. मावशी पायरीवर बसून राहिल्या. दहा वाजले, अकरा वाजले, तरी त्यांना दिवे मालवावेसे वाटेनात. मीही म्हटले, असू देत आजची रात्र.

सकाळी साडेपाचला दुधाच्या पिशव्या टाकणारा मुलगा ओरडला, "काकू, गेटला करंट आहे!"

त्याच्या पायात रबरी चपला होत्या म्हणून नुसता झटका बसला आणि हात सुटला. मैत्रिणींनो, पहाटे गेट दवाने ओलेचिंब झालेले होते. आणि त्यानंतर अर्ध्याच तासाने मावशी रोज अनवाणी, हातात पाण्याचा पाइप घेऊन झाडांना पाणी घालायला येतात. गेटला टेकूनच पाइप ओढतात. आजही हे आठवले की माझ्या पोटात खड्डा पडतो.

मी धावत जाऊन त्यांचे मेन स्विच बंद केले. ते कुठे आहे हे मला ठाऊक होते, कारण आमचे आणि त्यांचे घर एकाच नकाशाचे.

नंतर आलेल्या वायरमनने सगळे उलगडून सांगितले. वर्षानुवर्षे हे ज्ञान घरात असून आपल्यापर्यंत कसे येत नाही याचे मला नवल वाटले. आम्ही आवळलेल्या तारेने माळेच्या वायरचे प्लॅस्टिक कापले होते. आतले तांबे कमानीला टेकले आणि सबंध गेट 'जिवंत' झाले. मी विचारले, "मग फ्यूज का उडाला नाही? खटका का पडला नाही?" आपल्या बोर्डात जे एमसीबीचे खटके असतात, ते वायर जास्त तापू नये किंवा शॉर्टसर्किट झाले तर तुटावे म्हणून. सहा, दहा, सोळा अँपिअरच्या पुढे गेले तर ते पडतात. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्या मानाने इतका थोडा असतो की खटक्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माणूस मात्र त्यात दगावतो. गेटला अर्थिंग नव्हते, ते जमिनीत सिमेंटात पुरलेले. म्हणून वीज तिथेच दबा धरून बसली होती, कुणी हात लावण्याची वाट बघत.

माणसाला वाचवणारे यंत्र वेगळे. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने लोक ईएलसीबी म्हणतात. ते करते काय, तर एका तारेने घरात जेवढी वीज गेली तेवढी दुसऱ्या तारेने परत आली की नाही याचा सारखा हिशेब ठेवते. दूधवाल्याच्या हिशेबात आपण ठेवतो तसाच. कमी परत आली म्हणजे ती भलतीकडे, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चालली आहे. मग ते डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडते. घरासाठी तीस मिलिअँपिअरचे घ्यायचे. त्यावर 'टी' लिहिलेले छोटे बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबून बघायचे. दाबताच वीज गेली पाहिजे, नाही गेली तर यंत्र बिघडले समजावे. १९७०-८० च्या सुमाराच्या घरांत हे यंत्र बहुधा नसते. आमच्या दोन्ही घरांत नव्हते. तुमच्या बोर्डाचे दार आजच उघडून बघा. दिवाळीच्या खरेदीत एक साडी कमी घेतली तरी चालेल, असे मी म्हणते आहे म्हणजे ओळखा.

आणि ट्यूबचे तुकडे? वायरमनने विचारले, "आधी कोण लावायचं? गेटवरून वायर जाते तिथे त्यांनी काही गुंडाळलं नव्हतं का?" मावशींनी एकदम तोंडावर हात ठेवला. काका प्रत्येक ठिकाणी, जिथे वायर लोखंडाला टेकेल तिथे, सायकलची ट्यूब उभी चिरून तिच्यात वायर घालायचे आणि वरून सुतळीने सैल बांधायचे. चाळीस वर्षे ते आमच्या डोळ्यांदेखत तसे करत होते, आणि आम्ही खाली उभ्या राहून माळ वाकडी आहे की सरळ तेवढेच बघत होतो.

मावशी उठल्या आणि केराचा डबा धुंडाळू लागल्या. डबा तर दोन दिवसांपूर्वीच गेला होता.

मग काय, सायकलच्या दुकानातून फुकट जुनी ट्यूब मागून आणली. दुकानदाराने "ताई, पंक्चर काढायचंय का?" असे विचारले. सगळे पुन्हा पहिल्यापासून लावले. या खेपेला वायरमनला पोर्चमध्ये खुर्चीवर बसवून, चहा देऊन, आमच्या हाताने लावले. तो सांगत होता आणि आम्ही विचारत होतो. त्यातले काही तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

बाजारात माळ घेताना दोन जाती ओळखाव्या. एक, जिचा साधा दोन पिनांचा प्लग आणि जवळच एक चपटी डबी असते. तिच्यात घरातली २३० व्होल्टची वीजच थेट खेळते. दिवा इवलासा दिसतो म्हणून वीजही इवलीशी असेल असे समजू नका. जुन्या तांदळाच्या दाण्याएवढ्या बल्बच्या माळांचेही तेच. एक बल्ब गेला की सगळी माळ जायची आणि मग पोरे तो बल्ब शोधत प्रत्येकाला चिमटीत धरून हलवायची. दुसरी जात अडॅप्टरची, मोबाइलच्या चार्जरसारखा ठोकळा असलेली. त्यावर 'आउटपुट' पुढे २४ किंवा ३१ व्होल्ट असे छापलेले असते. अंगणात, गेटवर, झाडावर हीच घ्यावी. थोडी महाग पडते. खोक्यावर आयपी ४४ असेल तर पावसाचे शिंतोडे सोसते, आयपी ६५ असेल तर पाइपचे पाणी मारले तरी चालते. पण हे माळेबद्दल झाले, प्लगबद्दल नव्हे. प्लग आणि अडॅप्टर कोरड्यात, छपराखालीच हवेत. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नये. आम्ही तो पोर्चच्या भिंतीला खिळ्यावर टांगतो.

नागडी वायर सॉकेटात घालून वर आगपेटीच्या काड्या खुपसायची सवय कित्येक सुशिक्षित घरांत मी पाहिली आहे. नावे घेत नाही. बाईसाहेब, तीन पिनांचा प्लग काही हजार रुपयांना येत नाही!

चांदणीच्या होल्डरचे तोंड खाली असावे. वरून येणारी वायर सरळ होल्डरात न नेता आधी तिला खाली झोळ द्यावा आणि मग वर न्यावी, म्हणजे दवाचे किंवा अवकाळी पावसाचे पाणी झोळाच्या टोकाशीच ठिबकून जाते. माळा बांधायला तार नको, खिळे नकोत. सुतळी किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि त्याही सैल. झाडाला आवळून बांधू नये, साल दुखावते. कपडे वाळत घालायची लोखंडी तार आणि माळ यांची गाठ कधीही पडू देऊ नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणींनी बाल्कनीच्या ग्रिलला आमचे गेटच समजावे. तिथे तर आपण रोज ओले कपडे झटकतो.

शंका आली तर टेस्टर लावून बघावे. दिवा पेटला तर हात लावायचा नाहीच. पण पेटला नाही म्हणजे धोका नाही असेही धरू नये, मेन बंद करावे आणि मगच बघावे. आणि कुणी चिकटलेच तर, देव न करो, हाताला धरून ओढू नका. आधी मेन बंद. ते लांब असेल तर कोरडी काठी किंवा प्लॅस्टिकची खुर्ची यांनी ढकला. मुलांना हे पाढ्यांसारखे पाठ करून ठेवायला लावा.

खर्चाचे म्हणाल तर आता भीती नाही. आमच्या बारा माळा प्रत्येकी सहा वॅटच्या आणि चांदणीचे नऊ धरले तर एक्याऐंशी वॅट होतात. रोज पाच तास, वीस दिवस, म्हणजे आठ युनिट. कुठे काकांचे साठ आणि कुठे हे आठ. मावशी म्हणतात, "आता बिल ताटाशेजारी ठेवण्यासारखं उरलं नाही, आणि ठेवू तरी कुणाच्या?"

मुलीने एक गंमत सांगितली. नाताळच्या झाडावर पहिल्यांदा विजेचे दिवे लावले ते न्यूयॉर्कला, १८८२ च्या डिसेंबरात, एडवर्ड जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी. हे एडिसनसाहेबांचे सहकारी. लाल, पांढरे आणि निळे मिळून ऐंशी दिवे, आणि झाड गोल फिरायचे. तोवर झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावत आणि पाण्याची बादली शेजारी ठेवत. मावशींना हे सांगितले तर म्हणाल्या, "त्यांच्या बायकोनं स्टूल धरलं असेल!"

त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या रात्री मावशी चर्चला जाऊन आल्या तेव्हा आम्ही सगळी जागी होतो. गेटवर चांदणी होती, चाफ्यावर पाचच माळा, कारण बाकीच्या काढून ठेवल्या होत्या. गहू पेरायला उशीर झाला होता. कोंब जेमतेम बोटभर आले होते, मेंढ्या त्यांच्यापेक्षा उंच दिसत होत्या. मुलाचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल आला. मावशींनी फोन गेटकडे फिरवून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, ट्यूब लावलीस ना?"

म्हणजे त्यालाही ठाऊक होते. घरातल्या सगळ्या पुरुषांना ठाऊक होते.

दुधाच्या मुलाला मावशींनी केकचा मोठा तुकडा आणि नव्या चपला दिल्या. तो अजूनही गेटला हात लावत नाही, पिशवी लांबूनच अडकवतो. त्याला किती वेळा सांगितले, आता मशीन बसवलंय म्हणून. पण त्याचा विश्वास बसत नाही आणि मी त्याला दोष देत नाही.

६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, चांदणी उतरते. त्यानंतर माळा भिंतीवरून आमच्याकडे परत येतात, पुसून, पुठ्ठ्यावर गुंडाळून. आता प्रत्येक पुठ्ठ्याला ट्यूबचे दोन तुकडे रबरबँडने लावलेले असतात. यंदा दोन माळा अर्ध्याच पेटल्या. म्हणून पुढच्या मंगळवारी मावशी आणि मी हार्बरच्या गाडीने सीएसएमटीला उतरून लोहार चाळीत जाणार आहोत. मावशींना रस्ता माहीत नाही, काका एकटेच जायचे. विचारत विचारत जाऊ.